पेट्रोलची वाफ आणि एक छोटी झडप

पेट्रोलवर चालणारी एक मोटार एप्रिलच्या उन्हात शाळेच्या आवारात उभी आहे. इंजिन सकाळीच बंद केलेले आहे, चावी मालकाच्या खिशात आहे. ही मोटार या क्षणी हवा दूषित करीत असेल का? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. बहुतेक विद्यार्थी 'नाही' म्हणतील. धूरच नाही, तर प्रदूषण कसले? पण तशी काळजी घेतलेली नसेल, तर मोटार उभ्या उभ्या पेट्रोल हवेत सोडत असते आणि ते अगदीच नगण्य नसते. किती, ते आपणच काढून पाहू. त्यासाठी वायूंचे नियम पुरेसे आहेत.

समजा, टाकी ४० लिटरची असून निम्मी भरलेली आहे. म्हणजे वरच्या २० लिटर जागेत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण आहे. सकाळी टाकीचे तापमान २० अंश सेल्सिअस होते, दुपारी ते ३८ अंशांवर गेले. या तापमानांना पेट्रोलचा बाष्पदाब अनुक्रमे ३२ आणि ६० किलोपास्कल धरू. (पेट्रोल हे एक संयुग नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, त्यामुळे हे आकडे पेट्रोलगणिक थोडे बदलतात.) टाकी वरून बाहेरच्या हवेशी जोडलेली असल्याने आतला एकूण दाब मात्र वातावरणाइतकाच, म्हणजे १०१ किलोपास्कल राहणार. तेव्हा सकाळी त्यात हवेचा वाटा १०१ उणे ३२, म्हणजे ६९ किलोपास्कल होता. दुपारी तो १०१ उणे ६०, म्हणजे केवळ ४१ उरला. तापमान केल्विनमध्ये घेऊन ४१/६९ ला २९३/३११ ने गुणले, की उत्तर ०.५६ येते. याचा अर्थ सकाळी टाकीत असलेल्या हवेपैकी ४४ टक्के हवा दुपारपर्यंत बाहेर ढकलली गेली.

ही हवा एकटी जात नाही, वाफेला बरोबर घेऊन जाते. सुरुवातीला ६९ भाग हवेबरोबर ३२ भाग वाफ जाते, शेवटी ४१ भाग हवेबरोबर ६० भाग. सरासरीने हवेच्या जवळजवळ बरोबरीने वाफ गेली असे म्हणता येईल. सकाळी टाकीत सुमारे ०.५७ मोल हवा होती. त्यातली ०.२५ मोल गेली, तिच्यासोबत ०.२२ मोल वाफ गेली. पेट्रोलच्या वाफेचा सरासरी रेणुभार ६५ च्या आसपास असतो. म्हणजे एका दुपारी एका मोटारीतून १४ ते १५ ग्रॅम पेट्रोल, चहाचे सुमारे चार चमचे, नुसते उडून गेले! रात्री टाकी थंड झाली की ती बाहेरची ताजी हवा आत ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाकी दिवसातून एकदा सावकाश श्वास घेते आणि सोडते, असेच म्हणा ना.

एका गाडीचे चार चमचे. पार्किंगच्या जागेत अशा हजार गाड्या असतील तर काय, हा गुणाकार विद्यार्थ्यांवर सोपवावा.

या वाफेची दखल घ्यायला जगाला बराच वेळ लागला. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांची आग करणारे धुरकट धुके उतरले. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही लोकांना आली. पुढे वर्षानुवर्षे हे धुके येत राहिले. त्याचे कोडे सोडवले ते आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हे गृहस्थ अननसाचा वास कोणत्या रसायनांमुळे येतो याचा अभ्यास करीत होते! हवेतली सूक्ष्म प्रमाणातली वाफ पकडून तिचे पृथक्करण करायचे, हे त्यांचे कसब. तेच त्यांनी शहराच्या हवेवर वापरले. हायड्रोकार्बनांची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले. ताणलेल्या रबराला ओझोनने भेगा पडतात, म्हणून ओझोन ओळखायला त्यांनी रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या वापरल्या. लाखो रुपयांच्या उपकरणाची वाट न पाहता केलेले असे मापन शिक्षकांना विशेष आवडावे.

हायड्रोकार्बनांचा एक वाटा धुराड्यातून येत होता हे खरे, पण टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधून उडणारी वाफही त्यात होती. कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ च्या मोटारींपासून ही वाफ अडवणे सक्तीचे झाले. पुढे संपूर्ण मोटार एका हवाबंद खोलीत ठेवून, तापमान ठराविक पद्धतीने वाढवून खोलीत किती हायड्रोकार्बन जमा होतात ते मोजण्याची चाचणी आली. १९८१ पासून तिथे या चाचणीची मर्यादा २ ग्रॅम होती. आपण काढलेल्या १५ ग्रॅमांशी तुलना केली म्हणजे काम किती अवघड होते ते कळते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतही अशी बंद खोली आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक लागू झाले आणि आज नव्या पेट्रोल दुचाकींवरही वाफ पकडणारा डबा असतो.

कोळसा वाफ धरतो, आणि सोडतोही

वाफ पकडायची कशी? यासाठी टाकीचे वरचे तोंड थेट बाहेर न उघडता एका नळीने प्लॅस्टिकच्या डब्याला जोडतात. या डब्याला गॅरेजमध्ये 'कॅनिस्टर' म्हणतात. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. डब्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरच्या हवेकडे जाणारे तोंड असते. टाकीतून निघालेले मिश्रण कोळशातून जाताना पेट्रोलचे रेणू दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि हवा तेवढी बाहेर जाते. याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो तसे हे नव्हे. रेणू पदार्थाच्या आत मिसळत नाहीत, केवळ पृष्ठभागावर दुबळ्या आकर्षणाने टिकून राहतात. मग जागा किती लागेल? सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की त्यांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या वर जाते. कबड्डीचे १३ मीटर बाय १० मीटरचे मैदान १३० चौरस मीटर भरते. तेव्हा चिमूटभर कोळशात सात-आठ मैदाने दडलेली आहेत!

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाणी शुद्ध करायला किंवा विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम समजतात. मोटारीच्या डब्यात मात्र बहुधा लाकडापासून केलेला कोळसा वापरतात. करवंटीच्या कोळशाची छिद्रे फार अरुंद असतात. त्यांत शिरलेला रेणू घट्ट धरला जातो आणि सहजी सुटत नाही. मुखवट्यात हाच गुण हवा असतो. मोटारीत तो अवगुण ठरतो, कारण डबा रोज भरणार असेल तर तो रोज रिकामाही व्हायला हवा. लाकडी कोळशाची छिद्रे थोडी रुंद असतात. त्यांतून नुसती ताजी हवा ओढली तरी रेणू सुटून निघतात.

ताजी हवा ओढायचे काम इंजिन करते. पेट्रोल इंजिन संथ फिरत असताना, म्हणजे 'आयडलिंग'ला, थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या पुढच्या मॅनिफोल्डमध्ये दाब वातावरणाच्या साधारण एक तृतीयांशावर उतरलेला असतो. कॅनिस्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत एक नळी टाकली की बाहेरची हवा कोळशातून आपोआप खेचली जाते, साठलेली वाफ घेऊन इंजिनात शिरते आणि तिथे जळते. वाया जाणारे चार चमचे असे कामी येतात.

पण ही नळी कायम उघडी ठेवून चालत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि हे प्रमाण इंजिनाचा संगणक अतिशय काटेकोरपणे राखत असतो. अशा वेळी बाजूच्या नळीतून मोजदाद नसलेली वाफ घुसली तर सारा हिशेब बिघडेल. म्हणून नळीच्या मध्ये एक झडप बसवतात. आगपेटीहून फारशी मोठी नसलेली ही 'पर्ज व्हॉल्व्ह' आपल्या लेखाची खरी नायिका.

झडप आतून कशी असते?

एक नालकुंतल, त्यात सरकणारा लोखंडी दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला रबरी गादी आणि तिला तोंडावर दाबून धरणारी स्प्रिंग. बस्स, एवढेच. नालकुंतलातून विद्युतधारा नसते तेव्हा झडप बंद असते. धारा सुरू झाली की दट्ट्या ओढला जातो आणि वाट उघडते. झडपेच्या तारेचा रोध साधारण २० ते ३० ओहम असतो. २४ ओहम धरला तर १२ व्होल्टला अर्धा अँपिअर धारा आणि ६ वॅट शक्ती येते. ओहमच्या नियमाला मोटारीतले हे सोपे उदाहरण वर्गात देता येईल.

झडपेला 'अर्धी उघडी' ही स्थिती माहीत नाही. मग थोडी वाफ सोडायची तर काय करायचे? संगणक तिला सेकंदाला अनेक वेळा उघडतो आणि मिटवतो. प्रत्येक आवर्तनात ती एक दशांश वेळ उघडी राहिली तर सुमारे एक दशांश प्रवाह जातो, निम्मा वेळ राहिली तर निम्मा. इंजिन गरम झाल्यावर बॉनेटखालून येणारी बारीक टिकटिक हीच. पुष्कळ मालक या आवाजाने घाबरून गाडी गॅरेजला नेतात. खरे तर झडप नीट काम करते आहे याचीच ती खूण आहे. धुराड्यातल्या वायूंमध्ये उरलेला ऑक्सिजन एक संवेदक मोजत असतो. वाफ येऊ लागली की ऑक्सिजन कमी पडतो आणि संगणक तेवढे पेट्रोल नेहमीच्या फवाऱ्यातून कमी करतो. इंजिन थंड असताना हा ताळमेळ साधत नाही, म्हणून तोवर झडप मिटलेलीच ठेवतात.

'पेट्रोलात भेसळ असणार!'

आता बिघाडाकडे वळू. झडप दोन तऱ्हांनी बिघडते. ती मिटलेली अडकली तर कोळसा कधी रिकामा होत नाही. तो भरून गेला की वाफ सरळ बाहेर पडू लागते. गाडी चालताना काहीच जाणवत नाही, फार तर उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो.

उघडी अडकली तर मात्र मोठी चमत्कारिक लक्षणे दिसतात. आयडलिंगला इंजिन अडखळते, आणि पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू होत नाही. पंपावर गाडी व्यवस्थित आली, पेट्रोल भरले, चावी फिरवली आणि इंजिन नुसतेच घरघरू लागले! मालक पंपवाल्याशी भांडतो, पेट्रोलात भेसळ आहे म्हणतो. दोन दिवसांनी कोणीतरी प्लग बदलायला सांगतो, आणखी कोणी पेट्रोलपंप बदलतो. (हा गाडीतला पंप, रस्त्यावरचा नव्हे.) खर्च होत राहतो आणि पुढच्या वेळी पेट्रोल भरले की पुन्हा तोच प्रकार.

कारण समजून घेऊ. टाकीत पेट्रोल ओतले जाते तेव्हा ते खळबळते आणि आतली वाफेने भरलेली हवा बाहेर ढकलते. अमेरिकेत १९९८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या गाड्यांत भरतानाची ही वाफही कॅनिस्टरमध्येच जाते, त्यामुळे तिथे हे लक्षण जास्त ठळक दिसते. चावी फिरवताच इंजिन ओढ घेते आणि उघड्या झडपेतून हे दाट मिश्रण मॅनिफोल्डमध्ये शिरते. पेट्रोलची वाफ हवेत आकारमानाने साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ठिणगीने पेटते. टाकीवरच्या जागेत तर ती ३० टक्क्यांच्या वर असते. फवाऱ्याचे पेट्रोल वेगळेच. सिलिंडरमध्ये इंधन फार आणि हवा थोडी अशी गत होते आणि ठिणगी पडूनही जाळ धरत नाही. अनुभवी चालक अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी फिरवतात. थ्रॉटल उघडला की साधी हवा भरपूर येते, मॅनिफोल्डची ओढही कमी होते, आणि पुष्कळ गाड्यांत संगणक त्या वेळी फवारा बंदच ठेवतो. इंजिन धापा टाकत का होईना, सुरू होते. भेसळीचा आरोप खरा असता तर गाडी पुढे चालतानाही कुरकुरली असती. ही मात्र पाच मिनिटांत ठीक होते. हाच फरक लक्षात ठेवावा.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर संगणकाने नोंदलेला क्रमांक यंत्रावर वाचता येतो. पी ०४४१ म्हणजे वाफेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, पी ०४४३ म्हणजे झडपेच्या विद्युत मंडलात दोष. पण क्रमांक वाचून लगेच झडप विकत आणणे शहाणपणाचे नाही. तुटलेली तार, चिरलेली नळी, सैल टोपण यांनीही वाफेच्या यंत्रणेचे क्रमांक नोंदले जातात. आधी तपासणी, मग खरेदी.

तपासणी आणि बदली

इंजिन पूर्ण थंड असावे, जागा मोकळ्या हवेची असावी, जवळपास विडी-सिगारेट, निरांजन, स्टोव्ह काही नसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा बरीच जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते, म्हणून 'ज्योत तर तिकडे आहे' हे समर्थन इथे चालत नाही. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी.

झडप शोधायची तर मॅनिफोल्डपासून निघणाऱ्या बारीक नळीचा माग काढावा. बहुतेक गाड्यांत ती इंजिनाजवळच, दोन नळ्या आणि दोन तारांचा एक जोड असलेली सापडते. सुटी करण्यापूर्वी तिच्या अंगावरचा बाण कोणत्या दिशेला आहे आणि कोणती नळी कुठे होती ते कागदावर काढून घ्यावे. तारांचा जोड चापाने अडकवलेला असतो. चाप दाबूनच तो ओढावा, तारेला धरून ओढू नये. उष्णतेने नळ्यांची टोके ठिसूळ झालेली असतात. जोर करण्यापेक्षा किंचित पिळून मोकळ्या कराव्यात. त्यानंतर एक-दोन बोल्ट, किंवा नुसती रबराची खाच, आणि झडप हातात येते.

आता तिची परीक्षा घ्यावी. मॅनिफोल्डकडच्या तोंडाला मोठ्या सिरिंजची नळी लावून दट्ट्या हलकेच मागे ओढावा. झडप चांगली असेल तर दट्ट्या जड लागतो आणि सोडताच पुढे सरकतो, कारण आत निर्वात धरला गेला. सहज ओढला गेला तर झडप गळते आहे. मग झडप वाफेपासून दूर, मोकळ्या जागी नेऊन तिला १२ व्होल्टचा पुरवठा द्यावा. 'टक्' असा आवाज आला आणि आता दट्ट्या सहज ओढला गेला तर विद्युत भाग ठीक आहे. आवाजच नसेल तर रोध मोजावा. तो अनंत निघाला तर आत तार तुटली आहे. तोंडाने फुंकून ही परीक्षा करणारे मेकॅनिक आपण पाहतो; पण पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि ते कर्करोगकारक आहे. सिरिंज स्वस्त पडते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी घाईत हमखास राहून जाते. जुनी झडप पांढऱ्या कागदावर उलटी धरून टिचकी मारावी. कागदावर काळे दाणे पडले तर ते कोळशाचे आहेत. म्हणजे कॅनिस्टर आतून फुटला आहे, दाणे नळीतून वाहत येऊन रबरी गादीखाली बसले आणि म्हणून झडप उघडी राहिली. अशा वेळी नुसती नवी झडप बसवली तर थोड्याच दिवसांत तिचेही तेच होणार. नळी स्वच्छ करून कॅनिस्टरही बदलावा लागतो आणि तो झडपेपेक्षा बराच महाग असतो.

कोळसा खराब होण्यामागे पुष्कळदा पंपावरची आपलीच सवय असते. बंदुकीचा चाप 'खट्' करून आपोआप बंद झाला की टाकी भरली. तरीही 'राउंड फिगर करा' म्हणून आणखी थोडे ओतून घेतले जाते. वाफेसाठी ठेवलेली वरची जागा द्रव पेट्रोलने भरते आणि ते नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरते. वाफेचे रेणू हवेने सुटतात. द्रवाने चिंब झालेला कोळसा लवकर मोकळा होत नाही आणि भिजून-वाळून दाण्यांचा भुगा होऊ लागतो. हिशेबाचे सुटे पैसे वाचवायला हा सौदा महागाचा आहे.

नवी झडप बसवण्यापूर्वी तिचीही सिरिंजने परीक्षा करावी. बाण जुन्यासारखाच ठेवावा, नळ्या शेवटपर्यंत सरकवाव्यात, जोडाचा चाप 'टक्' वाजला पाहिजे. बॅटरी जोडून, नोंदलेला क्रमांक पुसून गाडी सुरू करावी. दिवा लगेच गेला म्हणजे काम फत्ते झाले असे मात्र समजू नये. बऱ्याच गाड्यांत संगणक वाफेच्या यंत्रणेची परीक्षा रोज घेत नाही. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, टाकी अगदी रिकामी किंवा अगदी भरलेली नसावी, अशा त्याच्या अटी असतात. चार-आठ दिवस नेहमीसारखी गाडी चालवल्यावरच निकाल लागतो.

वर्गासाठी

काढून टाकलेली झडप गॅरेजमध्ये मागितली तर बहुधा फुकट मिळते. ती आठवडाभर उघड्यावर वाळू द्यावी, वास पूर्ण गेल्यावरच वर्गात आणावी. मल्टिमीटरने रोध मोजणे, १२ व्होल्टला किती धारा जाईल ते आधी काढणे आणि मग अमीटरने पडताळणे हे सारे एका तासात होते. प्रत्यक्ष धारा हिशेबापेक्षा थोडी कमी भरत जाईल, कारण तार तापते आणि रोध वाढतो. विद्यार्थ्यांनी हे कारण स्वतः शोधावे.

अधिशोषणासाठी पेट्रोल मुळीच वापरू नये. ग्लासभर पाण्यात निळ्या शाईचे दोन-तीन थेंब टाकावेत, त्यात मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या सक्रिय कोळशाची दोन चमचे पूड घालून दहा मिनिटे ढवळावे आणि गाळणकागदातून गाळावे. खाली येणारे पाणी जवळजवळ रंगहीन असते. दुसऱ्या ग्लासात तेवढीच पूड चुलीतल्या साध्या कोळशाची घेऊन पाहावी आणि दोन्ही गाळलेली पाणी शेजारी शेजारी ठेवावीत. त्यानंतर पहिल्याच पुडीवर पुन्हा पुन्हा शाईचे पाणी ओतत जावे आणि कितव्या ग्लासाला निळा रंग खाली उतरू लागतो ते वहीत लिहून ठेवावे. मिटलेली झडप अडकलेल्या मोटारीत कॅनिस्टरचे नेमके हेच होत असते.